मुठीतली चांदीची डबी

२० मार्च १९४६, बुधवार

इरम्मा, परवा आमटीत मीठ घालायचं विसरलीस, काल दोनदा घातलंस, आणि सासूच्या काढ्याचा तर तुला संक्रांतीपास्नं विसर पडलाय. तवा म्या सांगीन ते सगळं लिहायचं. मला अक्षर येत न्हाय, ही वही वाचणारी तूच एक, आणि तुझ्या ध्यानावर खुनाचा तपास सोडायची माझी छाती न्हाय. तारीख आपल्या रियासतीची नको, तुझ्या सोलापुरी माहेरची इंग्रजी टाक, चालंल मला.

खून सोमलिंगाचा. धुळवडीदिवशी, त्याच्या-आमच्या सामायिक विहिरीवर, मोटेच्या बैलांच्या धावंवर. पहारीनं डोकं फोडलंय. उजवा कान जाग्यावर न्हाय, कवटीत मूठ मावंल एवढं भगदाड. कादंबरीत असलं काही बघितलं की बायका बेशुद्ध पडत्यात. म्या पडले न्हाय. घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या.

पोलिसांच्या अमीनानं सोमलिंगाचा सालगडी बलभीम धरला. मढं त्यानंच उचललं म्हणून अंगावर रगत, एवढ्यावर फाशी. त्याची बायको धुरपदाबाई आपल्या खळ्यावर कामाला येती. पाया पडून रडली. म्या सांगितलं, रंगपंचमीच्या आत तुझा नवरा घरी.

तपासाला लायक मीच. माझा लेक महांतप्पा सोलापूरला शेंगा घालून येताना दरवेळी एक डिटेक्टिव कादंबरी आणतो. इरम्मा वाचती, म्या ऐकते. खुनी कोण ते म्या आधीच सांगते. दोन-तीनदा चुकलं, ती लिहिणाराची चूक.

निश्चय: तपकीर बंद. डोकं साफ पाहिजे.

२१ मार्च, सकाळी

तपकिरीबिगर डोकं चालंना. निश्चय केस संपल्यावर.

कादंबरीचा नियम असा, की ज्याच्यावर कुणाचा संशय जात न्हाय तोच खुनी. म्हणून तसली माणसं काढली. पहिला आमचा जंगम, गुरुलिंग अय्या, त्यानंच सोमलिंगाची माती केली. मुंगी बी मारत न्हाय, म्हणजे लई पोचलेला. दुसरी सोमलिंगाची बायको हरणाबाई. जरा जास्तच रडली.

महांतप्पावर मात्र निम्म्या गावाचा संशय. पाण्याच्या पाळीवरनं त्याचं आणि सोमलिंगाचं वाजलं होतं, आणि तुझं डोकं फोडीन असं तो चावडीपुढं म्हणला होता. कोण म्हणत न्हाय? म्या तर इरम्माला रोज म्हणते. पण एवढ्या लोकांचा संशय म्हणजे नियमानं तो सुटला.

इरम्मानं इथं टाक खाली ठेवला. म्हणाली, अत्ती, हे लिहायलाच पाहिजे का? म्या म्हणले, लिही, माझा लेक निर्दोष हाय याचा हा पुरावा हाय.

२२ मार्च, रंगपंचमी

बलभीम सुटला न्हाय. रंगपंचमी म्या अंदाजानं सांगितली होती.

धुरपदाबाई ठाण्यावर जाऊन आली. त्याला उलटा टांगून तळपाय फोडलेत. पुढचे दात पाडलेत. भाकरी चावता येत न्हाय, पाण्यात भिजवून गिळतो. ती म्हणाली, मावशी, आणखी दोन रोज असंच चाललं तर न केलेलं कबूल करील तो. म्या म्हणले, निर्दोष माणूस शेवटच्या पानापत्तुर मार खातो, मगच सुटतो. तिला धीर आला असावा. उठून खळ्यावर गेली.

घरची तक्रार. महांतप्पा धुळवडीपास्नं माझ्यापुढं जेवायला बसत न्हाय. गळ्यातलं इष्टलिंग हातावर घेऊन पूजा केल्याबिगर आमच्यात कुणी घास घेत न्हाय, म्हणून म्या रोज पाणी, विभूती मांडून ठेवते. हा म्हणतो, भूक न्हाय, मग पूजा कशाला. सोमलिंगाचं दुःख दुसरं काय. भांडला तरी जीव होता.

ह्या उन्हात सदऱ्याच्या गुंड्या गळ्यापत्तुर लावून हिंडतो. मानंला ओरखडा दिसला. म्हणाला, कडब्याचं पात लागलं. हळद लावते म्हणले तर मागं सरला, जशी काय म्या सुरीच काढली.

आणि शिंक्यातली भाकरी जाती. मांजर असणार. दुधाला तोंड लावत न्हाय, चटणी-भाकरी खातं, आणि ताटली विसळून पालथी घालतं. असलं वळण म्या माणसात बी बघितलं न्हाय.

२४ मार्च, दुपारी

क्लू सापडला.

कादंबरीत मढं जाळत्यात आणि पुरावा राखंत जातो. आमी लिंगायत, मढं बसवून पुरतो, तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवून. आज हरणाबाईला बोलतं केलं. सोमलिंगाची मूठ आवळलेली होती. अय्यानं बोटं एक-एक करून सोडवली, तर आत इष्टलिंगाची चांदीची डबी, तुटक्या दोऱ्यासकट. अय्याला वाटलं, मरताना देवाला धरलं. आतलं लिंग त्यानं तळहातावर ठेवलं आणि रिकामी डबी हरणाबाईच्या ओटीत टाकली.

पण हरणाबाई म्हणती, ही डबी आमची न्हाय. आमच्यात चांदी कुठली, मालकांचं लिंग जन्मभर दंडाला फडक्यात बांधलेलं, ते तसंच त्यांच्यासंगं गेलं.

एवढ्यावर म्या सगळं जुळवलं. पहार बसताना सोमलिंगानं समोरच्याचा गळा धरला, दोरा तुटला, डबी मुठीत राहिली. म्हणजे खुनी लिंगायत, आणि त्याच्या गळ्यात आज इष्टलिंग न्हाय. बलभीम मराठा, त्याच्या गळ्यात तुळजापूरची कवड्यांची माळ. सुटला. अख्ख्या रियासतीच्या पोलिसांना जमलं न्हाय ते म्या पाटावर बसून केलं. फाशीला दोर कमी पडला तर आमच्या मोटेचा नाडा देईन, नवा हाय.

डबी मागून आणली. बघून नवल वाटलं. महांतप्पाच्या दीक्षेला म्या घडवलेली अशीच होती. झाकणावर तसंच बेलाचं पान. कडेला तसाच पोचा, त्यानं लहानपणी उखळावर आपटून पाडलेला. सोनारानं माझ्याकडनं एकीची मजुरी घेतली आणि तसल्या किती काढल्या कुणास ठाऊक, पोच्यासकट. खुन्याचं उरकलं की सोनाराला धरते.

२५ मार्च

डबी चुलीत सापडली, राखंखाली. इरम्मा म्हणाली, चुकून पडली. उशाखालनं उठून चुलीत कशी चुकून पडती ते तिनं सांगितलं न्हाय. मग माझे पाय धरले. अत्ती, ही अमीनाला देऊ नका. का, तर नुसतं रडणं. दर कादंबरीत एक भित्री बाई असती, ती ऐन वेळंला आडवी येती. ती आमच्याच घरात निघाली.

महांतप्पा म्हणाला, अव्वा, सोलापूरला मावशीकडं जाऊ, चार महिने राहू. आजच निघू. म्या म्हणले, केस टाकून डिटेक्टिव कुठं जात न्हाय.  असलं बोलतो म्हणजे ताप असंल म्हणून त्याच्या कपाळाला हात लावला, तर गार.

धुरपदाबाई निरोप देऊन गेली. उद्या अमीन बलभीमला घेऊन चावडीत येणार, पंचांपुढं कबुलीवर अंगठा घेणार. रडत नव्हती. म्हणाली, अंगठ्याला नख उरलेलं न्हाय, शाई झोंबंल त्याला.

उद्याचं भाषण इरम्माला म्हणून दाखवलं. दोनदा.

२७ मार्च

काल लिहिलं न्हाय.

चावडीत म्या चांगलं बोलले. हे लिही. अमीन आधी हसला, बुढ्ढी अम्मा, घर जाव म्हणाला. मग डबी बघितली, हरणाबाईला विचारलं, अय्याला विचारलं, आणि हसायचा थांबला. सगळ्या लिंगायत गड्यांना ओळीनं उभं केलं. गळे उघडा म्हणाला.

अय्याच्या गळ्यात लिंग होतं. मला जरा वाईट वाटलं. पुढच्यांच्या बी होतं. महांतप्पा शेवटाला. गुंडी काढंना. शिपायानं सदरा धरून खालपत्तुर फाडला. मानंभोवती दोरा रुतल्याचा वळ, काळा पडलेला. खाली काही न्हाय.

म्या म्हणले, अमीनसाहेब, अंघोळीला काढून ठेवलं असंल, पोरगं धांदरट हाय.

महांतप्पा म्हणाला, अव्वा, गप बस.

मग त्यानंच सांगितलं, शेंगांचा भाव सांगावा तसं. पाळी माझी होती. त्यानं पाट फोडला. पहार माझ्या हातात होती. एकदा मारली, तवा त्यानं गळा धरला. मग सोडंचना. मग म्या मारतच राहिलो.

पोलीस मारून कबुली घेत्यात हे बलभीमचं बघितलंच हाय. याला तर हात बी लावायच्या आधी हा बोलला, किती भ्यालेला असंल. कोर्टात म्या सांगीन. वकील चांगला पाहिजे. डबी सोनारानं...

इरम्मा थांबली. म्हणाली, अत्ती, डबी त्यांचीच. मला धुळवडीपास्नं ठावं हाय. सदरा म्याच धुतला. रोज वहीवर बसताना वाटायचं, आज तुम्ही ओळखाल.

म्या म्हणले, हे लिहू नको. तिनं लिहिलं.

संध्याकाळी बलभीमला गाडीत आडवा घालून घरी आणला. धुरपदाबाई माझ्या पाया पडायला आली. म्या पाय पातळाखाली ओढून घेतले.

२८ मार्च

इरम्मा दिवा न लावता अंधारातच लिहिती, अक्षर वाकडं येत असंल. मला कुठं वाचायचंय.

खुनी म्या शोधला.

ठाण्यातलं तो खात न्हाय म्हणत्यात. आधी अय्याला पाठव, नवं लिंग बांधून येऊ दे. मग डबा. चटणी नको, ओठ फुटलाय म्हणं. गव्हाची गोड हुग्गी नको, सण न्हाय. भाकरी पातळ कर, दह्यात कुस्कर, मीठ बेतानं. तुकडे ठेवू नको, पार कुस्करून पाठव. एक हात बेडीत हाय, त्याला मोडता येणार न्हाय.