केवलबुवांच्या घरी भुरीबाई

तांडा, आर्णीजवळ
१२ डिसेंबर १९६२

वडीलबंधूंसारखे रामधनभाऊ यांस उत्तमसिंगचा रामराम. इकडे सारे खुशाल. सासूबाईंचा गुडघा या थंडीत धड असावा. तुमची बहीण भुरी तुमच्याकडे बोरी अरबला सुखरूप पोचल्याचे कळले. तिने काय सांगितले असेल ते असो. खरी हकीकत शांत डोक्याच्या माणसाकडून ऐकावी, म्हणून लिहितो.

मागल्या आठवड्यात आम्ही दोघांनी यवतमाळला कापूस जिनात उतरवला आणि दुपार मोकळी सापडली. मी नवा कोट घातला होता (पंच झाल्यापासून घालतो, थंडी असो नसो). वाटेत एका घरावर पाटी दिसली, 'गायनाचार्य कै. केवलबुवा यांचे घर. अवश्य यावे.' एवढ्या आग्रहाने बोलावल्यावर तसेच पुढे जाणे बरे दिसले नसते. बुवांनी बांधलेल्या चीजा अजून मैफलींत गातात, म्हणून एका मंडळाने त्यांचे घर जसेच्या तसे जपले आहे. खुंटीला पगडी, गादीवर तंबोरा, दारात खडावा. गाण्यातले मला चांगले कळते (तांड्यात भजनाला झांज माझ्याच हाती असते), त्यामुळे मी तंबोऱ्यासमोर उभा राहून मान डोलावत होतो. भुरीने विचारले, घरधनी कुठे आहेत. मी सांगितले, वारले. वारलेल्या माणसाच्या घरी आपल्या तांड्यातल्या बायका पहिल्यांदा गेल्या की काय करतात, ते तुम्हाला सांगायला नको. तिने ओढणी तोंडावर घेतली, गादीसमोर बसकण मारली आणि सुरात रडायला लागली. बुवांना जाऊन तीस वर्षे झाली होती, पण तिला ते आत्ताच कळले होते.

शहरातली चष्मेवाली मंडळी वळून पाहू लागली. मी खोकलो. तरी ती थांबेना, तेव्हा प्रसंगावधान राखून त्यांना सांगितले, "हे बाई माह्यासंगं नाही." (पंचाला असे क्षणात ठरवावे लागते.) तेवढ्यात मागच्या खोलीतून बुवांच्या कन्या वच्छलाबाई आल्या. मला वाटले, आता हाकलतात. पण त्या भुरीला बिलगल्या आणि ढसाढसा रडल्या. म्हणाल्या, "इतके लोक घर पाहून गेले, पण माह्या बाबासाठी कोणी रडलं नव्हतं." मग तिला आत नेऊन चहा दिला आणि सोबत कोण आहे ते विचारले. मी दारातच उभा होतो, कोट सारखा करून. भुरी माझ्याकडे पाहून म्हणाली, "कोणी नाही. एकटीच आली." आणि तिथून सरळ मोटारस्टँड गाठून ती तुमच्याकडे आली. माझ्या मते यात चूक तिचीच आहे, पण मी मन मोठे केले आहे.

थोरांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.
आपला,
उत्तमसिंग (पंच)

ता. क. मला इथे काही कमी नाही. भाकर मीच थापतो. कुत्र्याला आवडते.

आणखी एक. वच्छलाबाईंना बुवांच्या पुण्यतिथीला ती रडणारी बाई हवी आहे, असे कळले. म्हणून काल मी जाऊन सांगितले, की ती माझीच बायको. त्यांचा विश्वास बसेना. म्हणाल्या, तिला घेऊन या. ती हो म्हणाली तर मानीन. भाऊ, ती हो म्हणेल का, एवढे तिला विचारून कळवा.