व्याह्यांचा दात आणि लढाईचा पिक्चर

एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व
६ जानेवारी २००२

ती. दादास,
द्वारकेचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आपला अबोला आहे म्हणून फोन करत नाही. पत्र लिहिणं बोलण्यात धरत नाहीत, हे मी यांना विचारून घेतलंय.

काल व्याही येऊन गेले. समोरचा दात शेवटी काढावाच लागला. अरे, ऋतिकाचे होणारे सासरे हौसेनं आपल्या सगळ्यांना लढाईचा पिक्चर दाखवायला विरारला नेतात, ऐन लढाईत बिचारे डोळे पुसत बसलेले, आणि तू उभा राहून ‘मुंडी खाली!’ म्हणून गर्जतोस काय! अख्खी रांग वाकली. यांनी तर माझी पर्स डोक्यावर धरली. चंद्रहासराव उंच माणूस, ते वाकले ते थेट पुढच्या खुर्चीच्या दांड्यावर. वर डोअरकीपर तुला बाहेर काढायला आला, तर त्यालाच तू पाय घासत चालू नकोस म्हणून दम दिलास.

दाताचं त्यांना एवढं नाही, पिक्चरचं लागलंय. त्यांचा सगळ्यात आवडता पिक्चर तो, सहाव्यांदा बघत होते. आता अट घातली आहे. लढाई अगदी तशीच असते, असं तू खऱ्या लढाईतला शिपाई म्हणून लिहून द्यायचं. नाहीतर लग्नात ऋतिकाच्या मागे मामा म्हणून तू उभा राहायचं नाहीस, जूचंद्रच्या जितेशला उभं करायचं. जितेश आपला चुलत भाऊ खरा, पण मंगलाष्टकं सुरू होईपर्यंत तो पंगतीत जाऊन बसलेला असतो!

एक ओळ लिही रे बाबा. रागाच्या खाली कुठेतरी माया असेल, ती तेवढी पोस्टात टाक.

तुझी,
द्वारका

आगाशी
९ जानेवारी

चि. सौ. द्वारकेस,
दयारामचे अनेक आशीर्वाद.

दाताबद्दल व्याह्यांची माफी मागतो, अगदी मनापासून. पिक्चरबद्दल मागणार नाही.

अगं, हिरो टेकडीवर विजेच्या खांबासारखा उभा! एका हातात मशीनगन, दुसऱ्या हातात बायकोचा फोटो. शत्रूच्या गोळ्या त्याला वाट देत बाजूबाजूने जातात. त्याच्या स्वतःच्या गोळ्या गाणं संपलं तरी संपत नाहीत. मरताना असं भाषण ठोकलं, की माझे शेंगदाणे संपले तरी गाव, आई, गावची विहीर चालूच. आणि सगळ्यांची दाढी केलेली! एकाहत्तरला आमच्या पायांना चिखल्या झाल्या होत्या. लढाई म्हणजे बराच वेळ खड्ड्यात बसून चहा कधी येतो याची वाट बघायची. तसा पिक्चर काढला तर व्याही मध्यंतरालाच घरी जातील.

खोटं लिहून देऊन भाचीच्या मागे उभा राहू? त्यापेक्षा जितेश बरा. मुलांना गोड पापा. तुझ्यावर रागावलोय, हे लक्षात ठेव.

दादा

एव्हरशाईन सिटी
१४ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र व्याह्यांना वाचून दाखवलं, हीच माझी चूक. चिखल्यांपर्यंत ऐकलं आणि ताडकन उठले. म्हणाले, हिरोला चिखल्या होत नाहीत. चहासुद्धा घेतला नाही.

इकडे ऋतिका रडून बसली आहे. दयाराममामा मागे नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही म्हणते. आपल्या होणाऱ्या जावयाने, अनुजने, वडिलांना ते सांगितलं, तर आता त्या बापलेकांतही अबोला. लग्न पंधरवड्यावर आलं आणि कोणी कोणाशी बोलत नाही. पत्रिका वाटायला काय मी एकटीने जायचं?

एक विचारू? टीव्हीवर लढाईचे किती पिक्चर आपण एकत्र बघितले. तू मिशीतल्या मिशीत हसतोस, कधी ब्र काढला नाहीस. मग त्याच दिवशी का ओरडलास? खरं सांग मला.

तुझी काळजीत पडलेली,
द्वारका

आगाशी
१७ जानेवारी

चि. द्वारकेस आशीर्वाद.

विचारलंस म्हणून लिहितो. हिरोला नाही ओरडलो गं. त्याच्या शेजारचा तो जाडा मित्र काहीतरी खात खात उठला ना, तो मला क्लेमेंट वाटला. आपल्या नंदाखाल गावचा क्लेमेंट, माझ्याच पलटणीत होता.

त्याच्या आईने पाठवलेली सुकेळी त्याने खड्ड्याच्या काठावर उन्हात ठेवली होती. आपल्याकडे राजेळी केळी वाळवून करतात तीच, दमट होतील म्हणून. गोळीबार सुरू झाला, सगळे खाली. हा म्हणाला, सुकेळ्यांत माती जाईल. आणि उचलायला उठला. मुंडी खाली, म्हणून मी जीव खाऊन ओरडलो, पण त्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. क्लेमेंट शेवटचं काही बोलला नाही. सुकेळी हातात घेऊन दमल्यासारखा खाली बसला, बस्स. टॉकीजमध्ये माझा आवाज ऐकू गेला, एवढाच फरक.

केळ्यासाठी कोणी मरतं का? पिक्चरमध्ये दाखवलं तर लोक हसतील. म्हणून कधी सांगितलं नाही. फार आठवण येते गं त्याची.

व्याह्यांना दाखवायचं तर दाखव. त्यांना हवं ते मात्र माझ्याने लिहवणार नाही. ऋतिकेला म्हणावं, मामा मागे नसला तरी मांडवाच्या बाहेर उभा असेल.

दादा

विरार
२३ जानेवारी

श्री. दयारामभाऊंस,
चंद्रहास चुरी याचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

आपलं पत्र विहीणबाईंनी दिलं. सुकेळ्यांचं मला अजूनही पटलेलं नाही. इतके पिक्चर पाहिले, कुठेही असं होत नाही. पण खोटं बोलणारा माणूस याहून बरं खोटं बोलला असता, असं अनुजचं म्हणणं पडलं.

अट मागे घेतली. मामा तुम्हीच.

एक कळवायचं राहिलं. अक्षता पडल्याबरोबर दारात फटाक्यांची लड लावायची आमच्या घराण्याची रीत आहे. चांगली लांबलचक लड आणून ठेवली होती, ती काल परत करून आलो. दुकानदाराला वाटलं, लग्न मोडलं. बँडवाल्यालाही त्या वेळी गप्प राहायला सांगितलंय, तो रुसलाय. लोकांना टाळ्या वाजवायला सांगू, त्यासुद्धा हळू. मुक्याचं लग्न म्हणून हसतील, हसू देत.

तुम्ही पोरीच्या मागे निवांत उभे राहा. लोभ जडला आहेच, तो आता तुम्ही सांभाळा.

आपला,
चंद्रहास