सेनापतींच्या प्रक्षिप्त मिशीबाबत

प्रति,
मा. संचालक,
शासकीय चित्रसंग्रहालय.

विषय : सेनापतींच्या तैलचित्रातील प्रक्षिप्त मिशी हटवून मूळ चित्र अर्जदाराच्या प्रतीबरहुकूम करण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराची चित्र-प्रतीची परवानगी रद्द करणारे आपले पत्र.

महोदय,

दुसऱ्याची चूक आपल्या माथी आली असता ती निमूट सोसणे हे सौजन्य होय. परंतु त्या चुकीवर कार्यालयाचा शिक्का उमटला की सोसणे म्हणजे असत्याला हातभार लावणे. अर्जदाराने महिनाभर सौजन्य केले. आता तो अर्ज करीत आहे.

१. अर्जदार त्र्याहत्तर वर्षांचा निवृत्त भाषाशिक्षक असून जन्मभर जुन्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहत आला आहे. तैलरंगातील व्यक्तिचित्रण शिकावे म्हणून त्याने चौदा महिने दुसऱ्या दालनात स्टुलावर बसून सेनापतींच्या चित्राची प्रत केली. पैकी तीन महिने केवळ मिशीच्या करड्या छटेत गेले. दालनाच्या अभिरक्षकांनीच पहिल्या दिवशी धडा दिला होता : "आजोबा, डोळ्याला दिसतं तेच काढा. मनातलं काढू नका." अर्जदाराने तो गुरुमंत्र मानला.

२. सेनापतींच्या मिशीची दोन्ही टोके वर वळलेली होती. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटे व्हावीत तशी. गेल्या महिन्यात दालन स्वच्छतेसाठी आठवडाभर बंद होते. उघडले तेव्हा पाहणाऱ्याच्या उजव्या हाताचे टोक खाली आलेले होते. दहा वाजून वीस मिनिटे.

३. त्याच दिवशी अभिरक्षक पंधरा-वीस प्रेक्षकांदेखत म्हणाले, "चौदा महिने झाले आजोबा, एक मिशी जमेना? चष्मा बदला, नाहीतर छंद बदला." लोक हसले. अर्जदारही हसला, याची त्याला अद्याप लाज वाटते. दुसऱ्या दिवशी 'प्रत मुळाशी जुळत नाही' या कारणास्तव परवानगी रद्द झाली.

४. दालन झाडणाऱ्या बाईंनी अर्जदारास बाजूला घेऊन सांगितले, "साहेबांनी कापसाला औषध लावून चित्राचं तोंड पुसलं, तर निम्मी मिशी कापसावरच आली. मग बसले घाईघाईनं रंगवत. कोणी विचारलं तर सांगेन, आपण होऊन नाही." कृपया विचारावे.

५. ग्रंथात मागाहून घुसडलेल्या ओळीस प्रक्षिप्त म्हणतात आणि जुन्या प्रतीवरून ती दुरुस्त करतात. आज मूळ मिशी केवळ अर्जदाराच्या प्रतीत शिल्लक आहे. सबब परवानगी पूर्ववत करावी व मिशी त्या प्रतीवरून पुन्हा रंगवावी. ती अभिरक्षकांनीच रंगवावी. सुट्टीच्या दिवशी, भर गर्दीत, अर्जदाराच्याच स्टुलावर बसून. अर्जदार पाठीमागे उभा राहून दर दहा मिनिटांनी "हं" म्हणेल, जसे ते म्हणत असत. त्यांची नोकरी जावी अशी मुळीच इच्छा नाही. नोकरी गेल्यास ते स्टुलावर कसे बसतील?

६. अर्ज नामंजूर झाल्यास तो दर सोमवारी पुन्हा सादर होईल. अर्जदाराची प्रकृती उत्तम असून त्याचे वडील शहाण्णव वर्षे जगले.

आपला नम्र, आणि काहीही न विसरलेला,
अर्जदार
दिनांक : १२ मार्च

सोबत :
१. अर्जदाराच्या प्रतीचे छायाचित्र.
२. सदर कापूस, बाईंनी जपून ठेवलेला, पाकिटात.
३. अर्जदाराचा सर्वांत बारीक कुंचला, अभिरक्षकांसाठी. मिशीच्या टोकाला तोच लागतो. त्या वेळी त्यांचा हात स्थिर राहो.