पाणी पॉझिटिव्ह आल्याची हकिगत

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकताना पाठ अवघडली म्हणून मध्येच थांबलो आहे, उरलेला भेटीत करीन.) इकडे सगळे तसे ठीक. तुझा गुडघा काय म्हणतोय? भावोजींचा खोकला गेला का? हे भाऊ म्हणून विचारतोय, धंद्याच्या नजरेने नाही. मागे मी त्यांना थुंकी डबीत घालून पाठवा म्हटलं, तेव्हापासून ते माझ्याशी मोजकंच बोलतात, हे माझ्या लक्षात आलं आहे. फोन न करता पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. आमच्या ऑफिसच्या फोनवर बोलताना मागे कुणीतरी श्वास घेतंय असं ऐकू येतं. बायको म्हणते तो माझाच श्वास आहे. ती असं का म्हणते, याचाही मी विचार करतो आहे.

माझा धंदा तुला नीट समजलेला नाही, कारण अजून तू लोकांना ‘भावाचं रंगाचं काहीतरी आहे’ असंच सांगतेस. रंगाच्या कारखान्यातली केमिस्टची नोकरी सोडून मला कितीतरी वर्षं झाली. तिथे माझ्या नाकाला मान होता, हे मात्र खरं. झाकण उघडायचं, वास घ्यायचा आणि सांगायचं, हा घाणा अजून थोडा घोटा. मग डोक्यात शिरलं की रंग काय कुणीही करील, आपण रोग ओळखायचं काम करू. (ज्याला स्वतःच्या चपला सापडत नाहीत तो जंतू शोधणार, असं बाबा चारचौघांत म्हणाले होते. तूही हसली होतीस.) आमचा किट म्हणजे काय, तर पेशंटच्या थुंकीत क्षयाचे दोनचारच जंतू लपलेले असले तरी त्यांच्या पोटातला धागा पकडायचा आणि यंत्रात त्याच्या कोट्यवधी नकला काढायच्या. इतक्या झाल्या की तो लपणार कुठे? पण दर खेपेला एका ट्यूबमध्ये नुसतं शुद्ध पाणी घालतात. पाण्यात काही नसतंच, तेव्हा पाण्याने गप्प बसायचं. ते जर पॉझिटिव्ह आलं, तर त्या खेपेचे सगळे निकाल कचऱ्यात. हे पाणी, आणि खरं म्हणजे सगळी लॅबच, तुझ्या बारकीच्या हातात होती. (तिच्या हाताखाली आता माणसं आहेत, पण जिला झबल्यात पाहिलं तिला मॅडम म्हणताना माझी जीभ अडखळते.)

तर ताई, महिन्याभरापूर्वी पाणी पॉझिटिव्ह आलं. बारकीने सगळं पुसून काढून पुन्हा लावलं, पुन्हा आलं. बाटली बदलली, तरी आलं. पाण्याला क्षय! आणि हे नेमकं कधी, तर परवान्याचे अधिकारी येऊन स्वतःच्या डोळ्यांदेखत तपासणी करून बघणार, त्याच्या तोंडावर. परवाना मिळाला नाही तर कंपनीला टाळं आणि तुझा भाऊ पुन्हा डबे हुंगायला मोकळा. आता तूच सांग, इतकी वर्षं गप्प बसलेलं पाणी नेमकं याच महिन्यात बोलायला लागतं, यात कुणाचा हात नसेल? माझ्या मनात पाल चुकचुकली. पलीकडच्या रस्त्यावर ती दुसरी कंपनी आहे ना, तिचा मालक हल्ली मला पाहून हसतो. पूर्वी तो हसत नसे. आमच्या वॉचमनच्या पायात नवे बूट आले. सफाईवाल्या मावशी फरशी पुसताना गुणगुणायच्या, त्या एकदम गप्प झाल्या. कुठेतरी पाणी मुरत होतं.

म्हणून मी गस्त सुरू केली. (परवान्याची तारीख ठरल्यापासून अधूनमधून एखादी ट्यूब उघडून हुंगत होतोच, ते आता रोजचं केलं.) सगळे डबा खायला गेले की हळूच लॅबमध्ये शिरायचं. यंत्रातून निघालेल्या ट्यूब उचलायच्या, झाकण उघडायचं, उजेडाकडे धरून बघायचं, वास घ्यायचा (कुणी काही मिसळलं तर नाकाला कळल्याशिवाय राहत नाही), मिशीवरून हात फिरवून थोडा विचार करायचा आणि झाकण लावून टाकायचं. मग तसंच पलीकडच्या खोलीत, जिथे नव्या ट्यूब भरतात, तिथे जाऊन कुणी काही छेडलंय का ते एकेक वस्तू हातात घेऊन तपासायचं. अगदी डोळ्यांत तेल घालून. इतका पहारा ठेवूनही पाणी सुधारेना. उलट मी जितका पहारा वाढवला तितकं ते बिघडत गेलं, यावरून टोळी किती मोठी असेल बघ. मध्ये बारकीने दारावर पाटी लावली, की झालेल्या ट्यूबचं झाकण कुणीही उघडू नये. लपवण्यासारखं काही नसेल तर झाकणाला बंदी कशाला? मी विचारलं, तर म्हणाली, ‘मामा, झाकण उघडलं की त्या नकला हवेत उडतात. दिसत नाहीत, पण जिथे बसतात तिथून पुढच्या ट्यूबमध्ये शिरतात.’ दिसत नाही त्याच्यावर ढकललं की झालं! शिवाय बोलताना ती माझ्या मिशीकडे बघत होती. तिथेच माझा संशय पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोळा करून मी तिला उभी केली आणि सरळ विचारलं, बाई गं, कुणाच्या सांगण्यावरून करतेस हे? एक जण खोकला, बाकी सगळे जमिनीकडे बघायला लागले. तुझी मुलगी एरवी मला एकाला चार ऐकवते, पण त्या दिवशी वळून सरळ आत गेली. कापसाच्या काड्या घेऊन आली आणि दाराची मूठ, फडकी, मावशींची बादली, वॉचमनचे नवे बूट, सगळ्यांचे कोट, सगळ्यांवरून एकेक काडी फिरवली. शेवटी माझ्यासमोर उभी राहिली. ‘मामा, नाक वर करा,’ म्हणाली आणि माझ्या मिशीवरून काडी फिरवली! मालकाच्या मिशीवरून, सगळ्या स्टाफदेखत.

निकाल बघायला यंत्रापाशी आम्ही दोघंच होतो. पडद्यावर रेघा असतात. जिथे काही नाही ती रेघ आडवी पडून राहते, जिथे आहे ती वर चढते. बादली आडवी, बूट आडवे, कोट आडवे. दाराची मूठ थोडी चढली. आणि एक रेघ सुरुवातीलाच उठली ती पडद्याबाहेर जाईल की काय असं वाटलं. ती मिशीची. बारकीने माझ्याकडे बघितलं नाही. पडदा बंद केला, बाहेर गेली आणि सगळ्यांना सांगितलं की दोष एसीचा आहे, तो धुऊन घ्या. मग कोट खुंटीला टांगला, पर्स घेतली आणि तुझ्याकडे निघून आली. ताई, एसी आदल्याच आठवड्यात धुतलेला होता! म्हणजे तुझी मुलगी धडधडीत खोटं बोलली. का बोलली? माझं गुपित मुठीत ठेवून पुढे कधीतरी वसूल करायचा बेत असणार. तू आई आहेस, तुला हे दिसायचं नाही, म्हणून सावध करायला हे पत्र. एकटीनेच वाच आणि फाडून टाक. तिच्या हाती लागू देऊ नकोस.

भावोजींना नमस्कार सांग. (खोकल्याचं विचारलं होतं ते सांगू नकोस.)

तुझा,
धाकटा

ता. क. ती जेवते ना नीट? सहज विचारलं. रागावली की ती जेवण सोडते, म्हणून.

आणखी ता. क. ते अधिकारी सोमवारी येणार आहेत. इथली पोरं चांगली आहेत, पण गडबडीत एकच ट्यूब दोनदा भरतात. तिला पाठव. मी सांगितलं असं म्हणू नकोस, तुझं तुलाच सुचलं असं दाखव.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवणार तोच भावोजींचा फोन आला. परवा तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि सध्या वाचायला बंदी आहे म्हणे. मला आधी का कळवलं नाही, हे मी नंतर बघणारच आहे. पण मग हे पत्र तुला वाचून कोण दाखवतंय? भावोजींना माझं अक्षर लागत नाही. घरात तिसरं माणूस एकच आहे.

बारके, आता पुढचं मोठ्याने नको, मनातच वाच. तू गेल्यापासून मी लॅबच्या दारापर्यंतसुद्धा गेलेलो नाही आणि मिशी उतरवली आहे. काल पाणी गप्प होतं. आजही होतं. सगळे एसीवाल्याचं कौतुक करताहेत आणि मी मान डोलावतोय. तू एसीचं नाव का घेतलंस हे मला तिथेच, पडदा बंद केलास तेव्हाच कळलं होतं. तेव्हापासून घास गोड लागत नाही. सगळ्यांसमोर तुला बोललो, तर माफीही सगळ्यांसमोरच मागेन. फक्त एसीचं खरं सांगायचं की नाही, ते तू ठरव.