ग्रीसचा मटण रोल, वीस मिनिटांत

५ मे, रविवार
म्हणे पाणी न्हाई म्हणून माहेरी चालले! चाकूरला काय गंगा वाहून राहिली? तिथंबी टँकरच. माझी सून सिंधू, बॅग भरून गेली. लेक नरसिंग तिला एसटीत बसवून आला आणि वर मलाच विचारतो, आई, तू काय बोललीस? मी काय बोलले? तिनं मोबाईलवर ग्रीस देशाचा मटणाचा रोल दाखवला, आपण करू म्हणली. मी एवढंच म्हणलं, तुझ्या बापानं तरी खाल्लता का. एवढंच. आदल्या दिशी केस धुण्याच्या पाण्यावरून बोलले ते वेगळं.

६ मे
ठरलं. रोल मीच करणार. व्हिडिओ बघितला. एक गोरी बाई वीस मिनिटांत करून हासती. कोकराचं मटण, दह्याची चटणी, काकडी, सगळं पोळीत गुंडाळायचं. यात काय अवघड? मी चुलीवर पन्नास माणसांचं मटण केलेलं हाय. सिंधू खाईल आणि राहील.
आजपासून तोंडातून वाकडा शब्द न्हाई.

८ मे
विहीणबाई केवळाबाईला फोन केला. रविवारी दोघी जेवायला या म्हणलं. लई गोड बोलले. फक्त विचारलं, तिथं लेकीला पोटभर मिळतंय का, न्हाईतर डबा धाडते. फोन कट. चाकूरला रेंजच न्हाई.
आमचे मालक किशनराव नवा जिल्हा पाहिजे म्हणून तहसीलपुढं मांडी घालून बसून राहिलेत. म्हणलं, घरात सून वेगळी निघतीया, तुम्ही जिल्हा वेगळा करत बसा.

११ मे
दही फडक्यात टांगलं. चक्का बघितला आणि हात थांबलाच न्हाई, साखर-वेलची घालून फेटला. मग आठवलं, लसूण घालायचा होता. घातला. काकडीबी घातली. किशनरावांनी बोट चाटून विचारलं, हे श्रीखंड हाय का कोशिंबीर? म्हणलं, तुम्ही ग्रीस बघितलंय का?
एक घागर भरून झाकून ठेवली. सिंधू आली की केस धुईल. हे कुणाला सांगायचं न्हाई.

१२ मे, रविवार, सकाळी ९
मटण आणलं. चाऱ्यावाचून लोक अख्खे कळप विकून राहिलेत. खाटीक म्हणला कोकरू. मी मुंडक्याचे दात बघूनच घेतलं. मला कोण फसवतंय! सव्वानऊ-साडेनऊला रोल तयार.

दुपारी १
चार शिट्ट्या झाल्या. आठ झाल्या. कोकरू कुठलं, कळपाचा आजा होता तो. तेवढ्यात टँकर आला, हंडे घेऊन पळाले. येऊन बघते तर कुकर कोरडा, मटण बुडाला चिकटलेलं. भाकरी गुंडाळाया गेले तर मोडली. व्हिडिओत पोळी होती, माहीत हाय. पण आमच्यात मटणासंगं पोळी? पाव्हणे काय म्हणतील? यंदाची ज्वारीच कोरडी.

संध्याकाळी
मायलेकी दोनला आल्या. सिंधूनं तुकडे गोळा करून सगळं खाल्लं. म्हणली, चव आली, आत्या. घागर दाखवली तर तिचे डोळे भरले. काम फत्ते! तेवढ्यात केवळाबाई म्हणल्या, भाकरीऐवजी पोळी घेतली असती तर मोडली नसती. मी एवढंच म्हणलं, तुमच्या लेकीच्या पोळीला चार कोपरे असतेत, ती कशी गुंडाळावी? एवढंच.
पाचच्या एसटीनं दोघी गेल्या. घागर तशीच.

१९ मे
नरसिंग तिला आणाया गेला तो तिथंच राहिला. काल किशनराव जिल्ह्यासाठी सह्या घ्यायला म्हणून चाकूरला गेले. आज त्यांचा फोन. तोंडात घास. म्हणले, सिंधूनं रोल केलाय. पोळीत. लोण्यासारखं मटण. किती वेळ लागला ते मी विचारलं न्हाई, तरी सांगितलं. वीस मिनिटं.
म्हणलं, तिला फोन द्या. सिंधू म्हणली, आत्या, मी पाण्यासाठी आले न्हाई. तुम्ही बोलता म्हणून आले. बोलणार न्हाई असा शब्द द्या, मी येते.
मी गप बसले. जन्मात पहिल्यांदा गप बसले, तर पोरगी विचारती, हॅलो, आत्या, रेंज गेली का?
मग नरसिंगला मेसेज धाडला. घागर झाकलेलीच हाय. पाणी शिळं व्हाया लागलंय. येताना एक रोल बांधून आणा, उपाशी हाय. तिघं येता का न्हाई ते सांगा. पुढच्या रविवारपर्यंत उत्तर पाहिजे, न्हाईतर त्या पाण्यानं मी कुकर घासणार.