काचेवरचं कुंकू

२६ सप्टेंबर
सिंदी रेल्वे या गावी पोचलो. दोन्हीकडे कपाशीची पऱ्हाटी हिरवीगार. प्रयोगशाळेनं खोली दिली आहे, खिडकीतून रूळ दिसतात. भिंतीवर बायकोचा, सुलोचनाचा फोटो लावला. तिला जाऊन तीन वर्षं झाली. ही खोली तिला आवडली असती.

काम शांत आहे. लेझरच्या यंत्रांत बसणाऱ्या काचा किती मारा सोसतात, ते मोजायचं. एका जागी एकच झोत. टक् असा आवाज येतो. मग सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. डाग पडला तर वहीत एक, नाहीतर शून्य. दहा जागांची एक ओळ. पुढच्या ओळीला जोर वाढवायचा. काचेला बोट लावू नका, असं प्रयोगशाळेच्या धनंजय साहेबांनी तीनदा बजावलं. ठसा असेल तिथं काच आधी जळते.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
यंत्राला फूल वाहिलं. न राहवून काचेलाही कुंकवाचं बोट लावलं आणि पुसलं. चौकीदार चिंधू म्हणाला, “काऊन जी, काचेचं लगन लावून राह्यले काय?” पुष्कळ दिवसांनी हसलो.
पहिल्याच झोताला डाग पडला. बोट लावल्याचं कळेल म्हणून शून्य लिहिलं.

३ ऑक्टोबर
पोथी वाचताना एक अक्षर दिसेना. नजर हलवली, ठिपकाही हलला. चष्मा पुसला. तरी आहे.

६ ऑक्टोबर
काचेवर आता डाग पडतच नाही. पण टक् झालं की माझ्या डोळ्यात नवा ठिपका. झोत बंद पेटीत असतो, मी संरक्षक चष्मा घालतो. साहेब खूश आहेत.

८ ऑक्टोबर
वर्ध्याला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. डोळ्याच्या पडद्याला दहा भोकं आहेत म्हणाल्या. सरळ ओळीत, सारख्या अंतरावर. असं मोजून कोणी केलं, विचारत होत्या.

९ ऑक्टोबर
साहेबांना खरं सांगितलं. त्यांनी तीच काच पुन्हा पाहिली. डाग नव्हता. शून्यच बरोबर आहे म्हणाले.
काम सोडलं. भिंतीवरचा फोटो पिशवीत घातला. चिंधूनं पिशवी स्टेशनपर्यंत आणली.

११ ऑक्टोबर, नाचणगाव
घरी आलो. यंत्र तिकडे राहिलं. सकाळी पोथी उघडली.
टक्.
दुसरी ओळ. जोर वाढवलेला —

१२ ऑक्टोबर
लिहिताना ओळी एकमेकींवर जातात. फोटोतली सुलोचनाची हनुवटी गेली. डोळे —
कपाळावरचं कुंकू तेवढं दिसतं. नजर तिथून हलवत नाही. देवा, तेवढं —
टक्.
आहे. अजून आहे. फिकट.
सुलोचना, मी सोसतो, पण तू