बहिरूच्या नावावरचं कर्ज

वारूळवाडी,
मंगळवार, २० नोव्हेंबर २००७

प्रिय सत्तार,

सकाळपासून हे चौथं पत्र. आधीची तीन बंबात गेली. साळू मघाशी म्हणाली, "आंघोळीला एवढं पाणी न्हाई लागत, आता बास करा." दोन ओळी लिहितो, उठतो, अंगणातले टोमॅटोचे रिकामे क्रेट उगाच इकडचे तिकडे करतो, पुन्हा येऊन बसतो. फोनकडे बघवत नाही. साळूनं त्याच्यावर विणलेला रुमाल टाकून ठेवलाय, तरी तो आता वाजेल, मग वाजेल असं होतं. शनिवारी आणि रविवारी तुझ्या घरी फोन वाजून पलीकडून कुणीच बोललं नसेल, तर तो मी होतो. तू "हॅलो, कोण?" म्हणालास आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. सदतीस वर्षं पोरांना "मोठ्यानं वाच" म्हणून ओरडलेला माणूस मी.

परवापासून आपली चौथीची खोली सारखी डोळ्यांपुढे येते. मी मामाकडे जुन्नरला शिकायला, तू पुढच्या बाकावर, मी तुझ्या मागं. सावळेराम गुरुजी त्यांनीच रचलेली कुकडीची कविता चालीवर म्हणवून घ्यायचे, तेव्हा खिडकीतून शिवनेरीसुद्धा ऐकत असेल असं मला वाटायचं.

थांब गं कुकडी, कशाची घाई?
पुढल्या वळणाला ओळख नाही.
मागं वळून बघ, उभं आहे कोण,
म्हातारा डोंगर, जोडून हात दोन.

पहिल्या दोन ओळी तू झोकात म्हणायचास आणि तिसरीवर हमखास अडायचास. मग पुढच्या दोन्ही ओळी मी मागून हळूच पुरवायचो आणि तू त्या छाती काढून म्हणायचास. गुरुजींच्या ध्यानात यायला महिना लागला. मग एक दिवस त्यांनी मला बाजूला घेतलं आणि चुकीचं पुरवायला सांगितलं. मी पुरवलं, "म्हातारा डोंगर, खातो भाकरी दोन." तू तेच खड्या आवाजात म्हणालास. वर्ग लोळला. तू मात्र वळून माझ्याकडं बोट केलंस, "गुरुजी, मी न्हाय चुकलो, पुरवणारा चुकला!" साठ वर्षं होत आली. पण ते वाक्य या महिन्यात माझ्या मागं लागलंय. कसं, ते सांगतो, पण ओळीनं सांगू दे, नाहीतर हेही पत्र बंबात जाईल.

आपल्याकडं मास्तर म्हटला की तो कुणाला तरी जामीन असणारच. पगार ठरलेला, सही वळणदार, आणि नाही म्हणायची जीभ नाही. डिंभ्याला असताना मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यांसाठी सह्या केल्या, आण्याला होतो तेव्हा विहिरींसाठी. लोक कागद घेऊन शाळेच्या पायरीवर बसायचे आणि मी मधल्या सुट्टीत सही करायचो, वाचायचोसुद्धा नाही. तुझ्या कागदावर मात्र वाचून केली. चौऱ्याण्णव साली, तुझ्या बाइंडिंगच्या दुकानातल्या कटिंग मशीनसाठी, नारायणगावच्या पतसंस्थेत. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तू म्हणालास, "भगवंता, मी बुडालो तर तुलाबी घेऊन बुडणार, बघ बाबा." मी म्हणालो, "मला पोहता येतं." पाच वर्षांनी तू पेढे घेऊन आलास. सगळं फिटलं होतं. हे मला आठवायला हवं होतं. आठवतही होतं. पण आठवण असून उपयोग काय, तिच्यावर भरवसा नसला तर?

दसरा होऊन तीन दिवस झाले होते. साळू शेजारी हळदीकुंकवाला गेलेली. फोन आला. आवाज तरणा, गोड, मधूनच हिंदीत शिरणारा. "गुरुजी, मुंबईहून वसुली विभागातून बोलतोय. तुम्ही एका कर्जाला जामीन आहात. कर्जदारानं हात वर केलेत, आता तुमच्या पेन्शनवर येणार." मी विचारलं, कुणाच्या कर्जाला? तो म्हणाला, "आठवा की, गुरुजी. जवळचाच माणूस आहे. सही तुमचीच आहे ना?" आणि सत्तार, मी आठवलं. माझ्याच तोंडानं म्हणालो, "सत्तारचं का? कटिंग मशीनचं?" तो म्हणाला, "तेच, सत्तारचं. कटिंग मशीनचं." मी म्हणालो, ते तर फिटलं. त्यानं सुस्कारा सोडला, अगदी माझी कणव आल्यासारखा. "फिटलं, गुरुजी. पण त्याच सहीवर त्यानं दुसरं उचललं. तुम्हाला बोलला नाही का? मग तुम्हीही त्याला बोलू नका. सावध झाला तर पळेल, आणि वॉरंट तुमच्या दारात येईल. उद्या संध्याकाळपर्यंत थांबवतो मी. उद्या पाच हजार भरा."

पळेल म्हणे. तू! जुन्नरचा बाजार सोडून पुण्याला मुलीकडं दोन रात्री राहवत नाही ज्याला, तो पळणार. पण त्या वेळी हसू आलं नाही. डोळ्यांपुढे पोलिसाची जीप आली, आळीतली माणसं दारात उभी राहिलेली दिसली. दुसऱ्या दिवशी नारायणगावला जाऊन त्यानं सांगितलेल्या खात्यावर पाच हजार भरले. ते पैसे कोणते, तेही सांगतो. तुझी नात जास्मिन हिच्या आहेरासाठी साळूनं दोन वर्षं दुधाच्या पैशांतून बाजूला टाकलेले. तिला म्हणालो, पोस्टात ठेवतो.

त्यानंतर फोन चालूच. दर तीन-चार दिवसांनी. आवाजातला गोडवा कमी होत गेला, "गुरुजी"चं "काका" झालं, मग नुसतं "ओ". तुला एक फोन केला असता तर सगळं मिटलं असतं. जुन्नर काय समुद्रापलीकडं आहे? ईदला तुझ्याकडं शीरखुर्म्याच्या दोन वाट्या खाऊन आलो होतो, त्याला पंधरा दिवस झाले नव्हते. पण मी तुला विचारलं नाही. मनातल्या मनात तुझ्यावर खटला चालवला. तुझ्या लेकानं, हमजानं दुकानाला नवीन शटर बसवलं, ते कुठल्या पैशानं? तू ईदला माझ्याशी बोलताना दोनदा खाली का बघितलंस? आता वाटतं, वाटीत बघत असशील, बाबा. शेवया संपल्या होत्या.

मग दिवाळी सरता सरता तू आलास. जास्मिनच्या लग्नाची पत्रिका घेऊन, एसटीनं, एवढ्या गुडघ्यांनिशी. पत्रिकेवर माझं नाव तू स्वतः लिहिलेलं, टाक वापरून. मी तुला अंगणातच उभं केलं. बस म्हणालो नाही. साळू आतून "अवं, भाऊजींना पाणी तरी द्या" म्हणाली, तर मी म्हणालो, त्याला गाडी गाठायची असेल. तू माझ्याकडं बघितलंस. "तब्येत बरी न्हाय का रं तुझी?" एवढंच विचारलंस. मी म्हणालो, माझी बरी आहे, तू तुझं बघ. तू पिशवी बगलेत मारलीस आणि निघालास. फाटकाजवळ थांबलास, कडी नीट लावलीस, आमची शेळी बाहेर जाऊ नये म्हणून. ती कडी लावतानाचा तुझा हात काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही.

पुढचं सगळं साळूमुळं. शुक्रवारी दुपारी मी फोनवर होतो आणि ती तिथंच जमिनीवर तांदूळ निवडत बसलेली. तो काय बोलतोय ते तिला ऐकू येत नव्हतं, फक्त माझं बोलणं. मी फोन ठेवल्यावर तिनं सूप खाली ठेवलं. "येक इचारू का? त्यो मानूस काय सांगत व्हता?" मी म्हणालो, कर्जाचं. "न्हाई. साल तुमी सांगितलं. नाव तुमी सांगितलं, गाव तुमी, मशीन तुमी. पेन्शन किती ते बी तुमीच. त्यो निस्ता व्हय-व्हय करीत आसंल. तुमाला ठावं न्हाई आसं त्यानं काय सांगितलं, ते सांगा की मला." सत्तार, एकही गोष्ट नव्हती. महिनाभर मी मागच्या बाकावरून पुरवत होतो आणि तो छाती काढून म्हणत होता.

उठून खाटेखालची ट्रंक उघडली. तू त्या पेढ्यांबरोबर मला आपली शाळेची सगळी कवितांची पुस्तकं एकत्र बांधून दिली होतीस ना, लाल कापडी पाठीचं ते जाडजूड बाड? मी ऊठसूट लोकांना कवितांचं सांगत असतो, आणि ते बाड किती वर्षांत उघडलं नव्हतं देव जाणे. पहिल्याच पानावर, तुझ्याच खळीनं चिकटवलेला, पतसंस्थेचा बेबाकी दाखला. कर्ज पूर्ण फिटले, जामीनदार जबाबदारीतून मुक्त. खाली तुझ्या अक्षरात, "भगवंता, आता झोप." ज्या कागदासाठी मी महिनाभर झोपलो नाही, तो माझ्या खाटेखाली होता.

शनिवारी पतसंस्थेत गेलो. मॅनेजर गेणभाऊ माझाच विद्यार्थी. त्यानं वह्या काढल्या, तुझ्या नावावर काहीच नाही. म्हणाला, "गुरुजी, आमी फोनवर कधी दम देतो का? आधी रजिस्टरनं कागद येतो, त्याच्यावर खात्याचा नंबर असतो. मग आमचा मानूस येतो, पावतीपुस्तक घेऊन. आणि कुणाच्या भलत्याच खात्यात पैसे भरा असं कोण सांगंल? तुमी भरले न्हाई ना?" मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलो. पोरगा शहाणा, पुन्हा विचारलं नाही. स्वतः मला घेऊन पोलिसांकडं आला. त्यांनी खात्याचा नंबर उतरून घेतला, तक्रार लिहून घेतली. पैसे परत येतील असं कुणी म्हणालं नाही.

काल त्याचा फोन पुन्हा आला. या खेपेला मी उभा राहून घेतला, वर्गात उभा राहायचो तसा. साळू शेजारी. मी म्हणालो, सत्तारचं बघू, पण दुसरंही एक खातं होतं, बहिरूचं. ते कसं आहे? पलीकडं कागद चाळल्याचा आवाज झाला, काय नाटक! "हां, बहिरू. तेही थकलंय, काका. बहिरूनं तर एकही हप्ता भरला नाही." मी म्हणालो, भेटलात का त्याला? "आमचा माणूस गेला होता घरी. शिवीगाळ केली त्यानं." साळूनं पदर तोंडात कोंबला. सत्तार, आपला बहिरू रे! वडलांचा बैल. रविवारी बाजाराची गाडी ओढत यायचा आणि तुझ्या आजोबांनी हातानं बनवून भिंतीवर वाळत घातलेला आख्खा कागद ज्यानं चाटून खाल्ला तो. त्याच्यावर कर्ज असलंच तर तुझ्या घराण्याचं, एका कागदाचं. मी त्याला म्हणालो, बहिरूला जाऊन पन्नास वर्षं झाली आणि तो शिवी देत नसे, शिंग मारायचा. नाव सांग, कचेरीचा पत्ता सांग, कागद पोस्टानं पाठव. खाडकन फोन बंद.

इथवर वाचून तू हसशील, आणि म्हणशील, मास्तरा, एवढंच ना? नाही. तीन पत्रं याच जागी फाडली. तू पत्रिका देऊन गेलास, त्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता. म्हणाला, कर्जदाराचा नंबर द्या, आम्ही परस्पर बघतो. मी तुझा नंबर दिला. भोळेपणानं नव्हे, रागानं. त्यानं लिहून घेतला की नाही हेसुद्धा पुन्हा विचारलं. तुझ्या घरी मांडव पडायला आलेला असताना. कदाचित त्याचा फोन येऊनही गेला असेल, तू कुणाला बोलला नसशील. नसेल आला तर येईल, आणि मी हातून निसटलो म्हणून आता तुला जास्त छळेल. तो म्हणेल, आठवा की, जवळचाच माणूस आहे. तू काही पुरवू नकोस. नाव त्याला सांगू दे, आकडा त्याला सांगू दे, आणि "आज, आत्ता, कुणाला सांगू नका" असं म्हणाला की फोन ठेव. आणि यातूनही कधी माझं नाव तुझ्या तोंडी आलंच, तर मला एकदा विचार. मी विचारलं नाही. हे पत्र पोस्टात टाकत नाही, उद्या पहिल्या गाडीनं स्वतः घेऊन येतोय, कारण दारात उभं राहून हे तोंडानं सांगायला मला जमणार नाही. हमजाच्या हातून आत पाठवीन आणि दुकानाबाहेर थांबेन. आहेर आणलेला नाही. लाल बाड आणलंय, एवढंच. वाचून झालं की रविवारी लग्नाला येऊ की नको, ते सांग. सांगवत नसेल तर कविता म्हण. तिसऱ्या ओळीवर अडलास, तर या खेपेला मी पुरवणार नाही. दार उघडून बघ.

तुझाच, मागच्या बाकावरचा
भगवंत